विश्लेषण : गूढविद्येचा अभ्यास म्हणजे गूढविद्येवर विश्वास? सांकेतिक पोथ्या, किरो आणि सात चक्रांचा इतिहास

रोजचे राशिभविष्य, नावाचे स्पेलिंग बदलून नशीब बदलण्याचे सल्ले, टॅरो कार्ड, सात रंगांची सात चक्रे... मोबाइल उघडला की यातले काही ना काही समोर येतेच. त्यावर घरोघरी दोन पक्ष पडतात. एकाच्या मते यात काहीतरी तथ्य असतेच, दुसऱ्याच्या मते सगळेच थोतांड. मात्र याच विषयांकडे तिसऱ्या बाजूने पाहणारी एक ज्ञानशाखा गेल्या काही दशकांत युरोपातील विद्यापीठांत उभी राहिली आहे. ती भविष्य सांगत नाही आणि भविष्य सांगणाऱ्यांना खोटेही ठरवत बसत नाही. ही विद्या कुठून आली, कुणी लिहून ठेवली, कुणी लपवली आणि कशासाठी, हे ती कागदपत्रांच्या आधारे शोधते. खान्देशाला हा विषय वाटतो तितका परका नाही. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ काही शतके सांकेतिक लिपीत बंद होते. ती लिपी उलगडणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतले जाते, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे दप्तर आजही धुळ्यात आहे.

नेमका विषय काय?

इंग्रजीत या ज्ञानशाखेला ‘वेस्टर्न एसोटेरिसिझम’ म्हणतात. मराठीत ‘पाश्चात्त्य गूढपरंपरा’ म्हणता येईल. किमया म्हणजे हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या, फलज्योतिष, विधिपूर्वक केली जाणारी जादू, हर्मिस या पौराणिक ऋषीच्या नावावर चालणारे ग्रंथ, रोझिक्रुशियन आणि फ्रीमेसनसारख्या गुप्त मंडळ्या, एकोणिसाव्या शतकातील थिऑसॉफी आणि आजचा ‘न्यू एज’ बाजार असा तिचा पसारा आहे.

ब्रिटिश इतिहासकार फ्रान्सिस येट्स यांचे जोर्दानो ब्रूनो आणि हर्मिस परंपरेवरील पुस्तक १९६४ मध्ये आले आणि या विषयाला अभ्यासकांत प्रतिष्ठा मिळू लागली. पॅरिसमधील एका उच्चशिक्षण संस्थेत १९६५ पासून ख्रिस्ती गूढपरंपरेच्या इतिहासाचे अध्यासन होते. १९७९ मध्ये ते आंत्वान फेव्र यांच्याकडे आले आणि त्याची व्याप्ती वाढली. ॲमस्टरडॅम विद्यापीठात १९९९ मध्ये स्वतंत्र अध्यासन सुरू झाले. तेथील प्राध्यापक वाउटर हानेग्राफ यांचे म्हणणे साधे आहे. युरोपने धर्म आणि विज्ञान यांच्या चौकटीत न बसणारे जे जे काही होते, ते ‘नाकारलेले ज्ञान’ म्हणून एका अडगळीच्या खोलीत टाकले. ती खोली उघडून पाहिल्याशिवाय युरोपचा इतिहास पुरता कळणार नाही.

या परंपरांत समान काय, याची काही लक्षणे फेव्र यांनी सांगितली. वरच्या विश्वात आणि खालच्या विश्वात, माणसाच्या देहात आणि ग्रहगोलांत एकमेकांची प्रतिबिंबे असतात, हे त्यातले पहिले. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ते वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

‘खरे की खोटे’ बाजूला ठेवून काय हाती लागते?

पुष्कळ काही. हर्मिसचेच उदाहरण घ्या. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याकडे एक ग्रीक हस्तलिखित आले. मार्सिलियो फिचिनो या विद्वानाने १४६३ मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर केले. हे ज्ञान थेट मोझेसच्या काळातील इजिप्तचे, असे समजून युरोप दीडशे वर्षे भारावून गेला. १६१४ मध्ये आयझॅक कॅसॉबन या भाषापंडिताने त्यातील ग्रीक शब्द आणि वाक्यरचना तपासून दाखवून दिले की हे लिखाण ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांतले आहे. एकही चमत्कार न तपासता केवळ भाषेच्या वळणावरून त्याने काळ पकडला. जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या संशोधकांची पद्धतही हीच.

दुसरे उदाहरण न्यूटनचे. १९३६ मध्ये लंडनला न्यूटनच्या खासगी कागदपत्रांचा लिलाव झाला. त्यातला मोठा भाग किमयेवरचा होता. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी त्यातील बरेच कागद मिळवले आणि वाचून ते थक्क झाले. गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणारा माणूस भट्टीपाशी बसून किमयागारांच्या सांकेतिक पाककृती उतरवून घेत होता. या विषयावर त्याने लिहिलेल्या शब्दांची संख्या सुमारे दहा लाख भरते. विज्ञान एका बाजूला आणि गूढविद्या दुसऱ्या बाजूला ही विभागणी न्यूटनच्या डोक्यात नव्हती. ती नंतरच्यांनी केली.

तशीच गोष्ट चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची. तेथील मंदिरातल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तेथे मठ स्थापन केला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले. (तापी-पूर्णा संगमावरचा योगी चांगदेव तो हा नव्हे.) एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला. गणित, खगोल आणि फलज्योतिष एकाच घरात, एकाच पोटापाण्याच्या व्यवसायात नांदत होते, याचा हा जळगाव जिल्ह्यातला दगडावरचा पुरावा आहे. त्यातले गणित तेवढे आपले आणि ज्योतिष तेवढे बाजूला, अशी निवड करून इतिहास लिहिला तर त्या घराला राजाश्रय का मिळत होता, हेच कळत नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत मजेचे. योहानेस ट्रिथेमियस या जर्मन मठाधिपतीने १५०० च्या आसपास ‘स्टेगॅनोग्राफिया’ नावाचा ग्रंथ लिहिला. दूरच्या माणसाला आत्म्यांकरवी निरोप कसा पाठवावा, याचे ते पुस्तक दिसत होते. पानोपानी देवदूतांची विचित्र नावे आणि मंत्र. ग्रंथ छापला गेला १६०६ मध्ये आणि तीनच वर्षांनी रोमच्या चर्चने तो निषिद्ध यादीत टाकला. प्रत्यक्षात ते मंत्र म्हणजे सांकेतिक लेखनाची उदाहरणे होती. पहिल्या दोन भागांचे रहस्य लवकर कळले. तिसऱ्या भागाचे १९९० च्या दशकात दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे उलगडले. भुतांना बोलावण्याच्या त्या भयंकर मंत्रांतून निघाले काय, तर हे पत्र घेऊन येणारा माणूस लबाड आणि चोर आहे, त्याच्यापासून सांभाळा, अशी सूचना.

महानुभावांच्या पोथ्यांत काय दडले होते?

ट्रिथेमियसच्या पुस्तकात जादूच्या आवरणाखाली लिपी होती. महानुभाव पंथाच्या बाबतीत उलटे झाले. येथे लिपीमुळे लोकांनी जादूचा संशय घेतला.

श्रीचक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात सुरू केलेला हा पंथ विदर्भ, मराठवाडा आणि खान्देशात पसरला. भडगाव तालुक्यातील कनाशी हे त्यांच्या स्थानांपैकी एक. चक्रधरांनंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी अनेकांना भेटून, विचारून गोळा केल्या. हेच ‘लीळाचरित्र’. त्याचा काळ साधारण १२७८ मानला जातो. ग्रंथरचना संस्कृतात नव्हे तर मराठीत व्हावी, नाहीतर पंथातल्या साध्या बायाबापड्या वंचित राहतील, असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. म्हणजे सुरुवात झाली ती सर्वांना कळावे म्हणून. आणि पुढच्या शंभर वर्षांच्या आत हेच ग्रंथ कुणाला कळू नयेत, अशा लिपीत जाऊ लागले. हा उलटा प्रवास कसा झाला, हाच या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

चौदाव्या शतकात रवळोव्यास यांनी ‘सकळ’ लिपी तयार केली, असे परंपरा सांगते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण, वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी ठरावीक चिन्हे, असा तिचा प्रकार. पुढे पंथाच्या वेगवेगळ्या शाखांनी आणखी लिप्या केल्या. सुंदरी, अंक, वज्र ही त्यांतली काही नावे. कारणे एकापेक्षा अधिक सांगितली जातात. यादवांचे राज्य गेल्यानंतरच्या धामधुमीत ग्रंथ नष्ट झाले, उरलेले जपायचे होते. लेखनिकांच्या हातून भेसळ होऊ द्यायची नव्हती. अनधिकारी माणसाच्या हाती शास्त्र पडू नये, ही भावना होती. आणि वैदिक परंपरेशी असलेला तणावही होता, कारण पंथाला जातिभेद आणि अनेक देवतांची पूजा मान्य नव्हती.

लपवले की तर्क सुरू होतात. काळी वस्त्रे, वेगळा आचार, वाचता न येणाऱ्या पोथ्या. महानुभाव म्हणजे ‘मानभाव’ या शब्दावरून मराठीत ‘मानभावी’ हे विशेषण तयार झाले. वरवर नम्र आणि आतून कावेबाज, असा त्याचा अर्थ. एका अहिंसक पंथाच्या नावाचे भाषेनेच असे करून टाकले आणि तो शब्द आपण आजही सहज वापरतो. युरोपात फ्रीमेसनांच्या किंवा किमयागारांच्या वाट्याला जे आले त्याहून हे वेगळे नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांतून या लिप्यांची किल्ली विद्वानांच्या हाती आली. काही महंतांनी पोथ्या दाखवल्या आणि वाचनाला मदत केली, हेही तितकेच महत्त्वाचे. आत जारण-मारण नव्हते, खजिन्याचे नकाशे नव्हते. होती ती तेराव्या शतकातली बोलती मराठी. चक्रधर कोणत्या गावी कोणत्या देवळात उतरले, काय जेवले, शिष्याला काय बोलले, कोणत्या बाईने काय प्रश्न विचारला. गावांची, वस्तूंची, व्यवसायांची नावे. राजांच्या इतिहासात सापडत नाही असा रोजचा महाराष्ट्र त्यात होता. महदंबेचे ‘धवळे’ उजेडात आले आणि मराठीला तिची आद्य कवयित्री मिळाली. ग्रंथ लिपीत बंद राहिल्याने त्यांची भाषा तुलनेने जुन्या वळणाची टिकली, असेही अभ्यासक मानतात.

यानंतर कामाला वेग आला. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या मराठी वाङ्मयावरचे पुस्तक १९२५ मध्ये दिले. ह. ना. नेने आणि नंतर वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्र’ संपादित केले. कोलते यांची आवृत्ती १९७८ ची. लंडनच्या रेसाइड यांनी १९६० मध्ये महानुभाव ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली. अमेरिकन अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी १९८० च्या दशकात सूत्रपाठ आणि रिद्धपूरच्या लीळा इंग्रजीत आणल्या. अमरावती जिल्ह्यातल्या त्याच रिद्धपुरात आता राज्य सरकारचे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे.

मग वाद कशाचा?

किल्ली सापडली म्हणजे दार उघडण्याचा हक्कही मिळाला का, याचा. कोलते यांच्या आवृत्तीतील काही भागांवर पंथातून तीव्र आक्षेप घेतले गेले. संशोधकाच्या दृष्टीने हस्तलिखितात जे आहे ते पाठभेदांसह छापणे हे कर्तव्य. श्रद्धावंताच्या दृष्टीने त्यातला एखादा मजकूर मागाहून घुसवलेला किंवा अधिकारी व्यक्तीनेच वाचायचा असू शकतो. दोघांचेही ऐकून घ्यावे लागते. पण छापूच नका, हा उपाय टिकणारा नाही. न छापलेल्या पोथीबद्दल जे बोलले जाते ते छापलेल्या पोथीपेक्षा नेहमीच वाईट असते, हे ‘मानभावी’ या एका शब्दाने सिद्ध केले आहे.

पाश्चात्त्य गूढपरंपरांच्या अभ्यासातही हाच पेच आहे. तेथे काही अभ्यासक स्वतः साधक असतात, काही पूर्ण नास्तिक. वर्गात बसताना दोघांनी आपापला निवाडा बाहेर ठेवायचा, अशी या शाखेची अपेक्षा. देवदूत खरोखर बोलला का, हे इतिहासकाराला तपासता येत नाही. देवदूत बोलला असे कुणी, कोणत्या साली, कोणत्या भाषेत लिहिले आणि ते वाचून लोकांनी काय केले, हे मात्र तपासता येते.

पाश्चात्त्य गूढविद्या महाराष्ट्रात कधी उतरली?

तिची तारीख सांगता येते : १६ फेब्रुवारी १८७९. त्या दिवशी हेलेना ब्लाव्हॅट्स्की ही रशियन बाई आणि कर्नल हेन्री ऑल्कॉट हे अमेरिकन वकील मुंबई बंदरात उतरले. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी इतरांसह थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली होती. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन गुप्त ज्ञान आहे आणि हिमालयापलीकडचे ‘महात्मे’ ते जपतात, असा त्यांचा दावा. त्यांनी गिरगावात बिऱ्हाड केले, त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक काढले आणि डिसेंबरात अलाहाबादला इंग्रज संपादक सिनेट यांच्याकडे गेले. मुंबई-अलाहाबाद रेल्वे तेव्हा भुसावळ-जबलपूरवरूनच धावत होती. स्वामी दयानंदांच्या आर्य समाजाशी केलेली युती १८८२ मध्ये तुटली आणि त्याच वर्षअखेरीस सोसायटीचे मुख्यालय मद्रासजवळच्या अड्यारला हलले.

मराठी माणसे त्यात होतीच. भंडारी समाजातले तुकाराम तात्या पडवळ यांनी १८६१ मध्ये ‘जातिभेद विवेकसार’ लिहिले होते आणि त्याची दुसरी आवृत्ती काढण्यात जोतीराव फुले यांचा हात होता. हेच पडवळ पुढे मुंबईच्या थिऑसॉफिस्टांचे आधारस्तंभ झाले आणि १८८९ मध्ये त्यांनी तुकारामाची गाथाही छापली. जातिविरोधी विचार, वारकरी कवी आणि परदेशी गूढविद्या हे तिन्ही एका माणसाच्या आयुष्यात कसे बसले? आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘समाजसुधारक’ आणि ‘बुवाबाजी’ या दोन कप्प्यांत ते मावत नाही.

दामोदर मावळणकरांची कथा अधिक चटका लावणारी. सुखवस्तू कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबातला हा तरुण १८७९ मध्ये सोसायटीत आला. त्यासाठी त्याने जात सोडली, घर सोडले, वाट्याच्या संपत्तीवर पाणी सोडले. फेब्रुवारी १८८५ मध्ये महात्म्यांच्या शोधात तो अड्यारहून निघाला, दार्जिलिंगमार्गे सिक्कीमपलीकडे तिबेटच्या दिशेने गेला आणि परत आला नाही. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते.

त्याच वर्षी लंडनच्या एका संशोधन संस्थेने रिचर्ड हॉजसन यांच्या चौकशीच्या आधारे ब्लाव्हॅट्स्कींना लबाड ठरवले. महात्म्यांची पत्रे त्यांनीच लिहिली, असा निष्कर्ष निघाला. १९८६ मध्ये व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने त्याच संस्थेच्या नियतकालिकात हॉजसनच्या पद्धतीतील दोष दाखवले. शंभर वर्षे वाद चालला आणि अजूनही चालतो. पण दरम्यान घडले ते या वादापेक्षा मोठे होते. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे सोसायटीत होते. १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या ॲनी बेझंट सोसायटीच्याही अध्यक्ष होत्या. लंडनमध्ये शिकणाऱ्या तरुण गांधींना गीता वाचायला प्रवृत्त केले ते दोन थिऑसॉफिस्ट भावांनी, हे गांधींनीच आत्मचरित्रात सांगितले आहे. पत्रे बनावट होती असे धरले तरी हा इतिहास बनावट होत नाही.

मोबाइलवरच्या अंकशास्त्राचे आणि चक्रांचे मूळ कुठे?

किरो हे नाव महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही. त्याच्या हस्तसामुद्रिक आणि अंकशास्त्रावरील पुस्तकांची मराठी भाषांतरे पिढ्यान्‌पिढ्या विकली जात आहेत. खरे नाव विल्यम जॉन वॉर्नर, जन्म १८६६ चा आयर्लंडमधला, मृत्यू १९३६ मध्ये हॉलिवूडला. तरुणपणी आपण मुंबईत आलो, एका चित्पावन ब्राह्मण गुरूने आपल्याला कोकणात नेले आणि तेथे हातांवरचा प्राचीन ग्रंथ पाहायला मिळाला, असा त्याचा दावा. त्याला त्याच्या शब्दापलीकडे आधार नाही. पण गंमत पाहा. ‘कोकणातल्या ब्राह्मणाची विद्या’ या लेबलावर ते पुस्तक लंडनला खपले आणि ‘जगप्रसिद्ध किरो’ या लेबलावर ते परत कोकणात खपले.

त्याच्या अंकशास्त्रात नावातील इंग्रजी अक्षरांना अंक दिले जातात आणि पद्धतीला ‘खाल्डियन’, म्हणजे प्राचीन बॅबिलोनची, म्हटले जाते. जे, यू, डब्ल्यू ही अक्षरे रोमन लिपीत स्वतंत्रपणे रूढ झाली ती मध्ययुगात आणि त्यानंतर. बॅबिलोनचा माणूस त्यांना अंक कसे देणार? आपल्या नावाचे ‘खरे’ स्पेलिंग तरी कुठले? बहुतेकांचे ते शाळेत नाव घालताना कुणीतरी दाखल्यावर लिहिले तेच.

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळायचे पत्ते म्हणून जन्मले. त्यात इजिप्तचे गुप्त ज्ञान दडले आहे, ही कल्पना १७८१ मध्ये एका फ्रेंच लेखकाने मांडली.

सात चक्रांचे प्रकरण आपल्याला अधिक जवळचे. चक्रे भारतीय तंत्रग्रंथांत आहेतच. मात्र त्यांची संख्या ग्रंथागणिक बदलते. आज सर्वत्र दिसणाऱ्या मांडणीचा मुख्य आधार म्हणजे बंगालमधील पूर्णानंद यांचा ‘षट्‌चक्रनिरूपण’ हा सोळाव्या शतकातील ग्रंथ. कलकत्त्याचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. १९२७ मध्ये थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांनी चक्रांवर स्वतःचे सचित्र पुस्तक काढले. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याच्या क्रमाने रंगवलेली सात चक्रे त्यानंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत स्थिरावली. आज जळगावच्या योगवर्गाच्या फलकावर जे चित्र ‘पाच हजार वर्षे जुने’ म्हणून लागते, त्यातले रंग अनेकदा त्या वर्गाच्या ज्येष्ठ सभासदांपेक्षा वयाने लहान असतात.

म्हणजे विद्यापीठात ज्योतिष शिकवायचे का?

येथे गल्लत होते आणि ती महागात पडू शकते. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञान’ अभ्यासक्रमांना वाट करून दिली. वैज्ञानिकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ मध्ये याचिका फेटाळली गेली. त्या अभ्यासक्रमात ज्योतिष हे वापरायचे शास्त्र म्हणून शिकवले जाते. ॲमस्टरडॅमला शिकवला जातो तो ज्योतिषाचा इतिहास. एकातून ज्योतिषी तयार होतो, दुसऱ्यातून इतिहासकार.

‘खरे की खोटे’ हा प्रश्न निरर्थक आहे, असेही नाही. तो दुसऱ्या पद्धतीने सोडवायचा असतो. डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या गटाने महाराष्ट्रात ते करून दाखवले. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या मिळून २०० कुंडल्या घेतल्या आणि कोणती कुणाची हे ओळखायला ज्योतिषांना सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचा निकाल नाणे उडवून मिळाला असता त्याहून चांगला आला नाही. २००९ मध्ये तो ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा लागू झाला. हा कायदा फसवणूक, छळ आणि अघोरी कृत्यांना हात घालतो. जुनी पोथी बाळगणे, वाचणे किंवा अभ्यासणे त्यात बसत नाही. तरीही घरात मंत्रतंत्राची बाडे आहेत हे सांगायला लोक कचरतात आणि मग ती एखाद्या अमावास्येला नदीत सोडली जातात.

खान्देशात काय करता येईल?

साधने आहेत. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यानंतर त्यांच्या संग्रहाभोवती तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याआधी, १८९३ मध्ये, नानासाहेब देव यांनी धुळ्यातच सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. गावोगावच्या रामदासी मठांतून त्यांनी जमवलेली बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अशा बाडांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांत सगळे एकत्र असते. अभंगाशेजारी शकुनवंती, आरतीखाली विंचवाचा मंत्र, हिशेबाच्या ओळींनंतर औषधाची कृती. सूची करणारा सहसा अभंग नोंदवतो आणि मंत्र ‘किरकोळ’मध्ये टाकतो. हानेग्राफ ज्याला नाकारलेले ज्ञान म्हणतात, ते आपल्याकडे या ‘किरकोळ’ रकान्यात सापडते.

जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे आणि आता त्याला बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. पाटणादेवी, चांगदेव, मुक्ताईनगर, कनाशी ही सारी स्थाने त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मोडी यावी लागेल, जुनी मराठी आणि थोडे संस्कृत लागेल, महानुभाव पोथ्यांसाठी सकळ लिपी शिकावी लागेल. ती शिकवू शकणारे बहुतेक लोक आजही पंथाच्या आश्रमांतच भेटतात. त्यामुळे पहिला अर्ज विद्यापीठात नव्हे, तर महंतांकडे करावा लागतो.